स्वागत समितीचा एकुलता एक सदस्य

रविवार, ४ ऑक्टोबर

उपासना संपल्यावर पाळकांनी मला बाजूला घेतलं. आमचे पाळक बत्तीस वर्षांचे आहेत, उत्साह बावीसचा. ते कुणाला बाजूला घेतात तेव्हा एकतर कुणीतरी वारलेलं असतं, नाहीतर काहीतरी काम गळ्यात पडणार असतं. कुणी वारलं नव्हतं.

त्यांनी वही उघडून दाखवली. गेल्या वर्षभरात आमच्या चर्चमध्ये त्रेपन्न माणसं पहिल्यांदा आली. त्यातली परत किती आली? दोन. एक विसरलेला चष्मा न्यायला आणि दुसरा पंखा दुरुस्त करायला. हा दुसरा पहिल्यांदाही पंखा बघायलाच आला होता, असं आता निष्पन्न झालंय.

"काका, असंच चाललं तर दहा वर्षांनी मी एकटाच प्रवचन करीन आणि एकटाच झोपीन," पाळक म्हणाले. मग त्यांनी जागच्या जागी स्वागत समिती स्थापन केली. सदस्य एक. अध्यक्षही तोच.

"मीच का?"

"तुम्हाला माणसांची पारख आहे."

चौतीस वर्षं मी वजनमापं निरीक्षक होतो. दुकानात न सांगता शिरायचं, तराजू उचलायचा आणि पारड्याखाली चुंबक चिकटवलंय का बघायचं. मला बघताच दुकानदार खुर्ची पुसायचे, "या साहेब, या या!" म्हणायचे आणि बत्तिशी दाखवायचे. चौतीस वर्षांत माझी हजारो स्वागतं झाली, त्यातलं एकही खरं नव्हतं. या विषयातला माझा अनुभव एवढाच.

घरी हिला सांगितलं तर हिच्या नाकात चहा गेला. "तुम्ही? स्वागत? बेल वाजली की तुम्ही न्हाणीघरात जाऊन बसता!"

ही स्वतः चर्चला येत नाही. गुडघे. चर्चच्या सात पायऱ्या चढवत नाहीत म्हणते, त्याला दोन वर्षं झाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. ही बाजारात रोज दोनदा जाते.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

नवीन माणसांसाठी फॉर्म तयार केला. नाव, पत्ता, वय, धंदा, येण्याचं कारण, यापूर्वीचं चर्च, ते सोडण्याचं कारण, वगैरे. एकूण चौदा रकाने. पाळकांना फार आवडला. हिने वाचला आणि म्हणाली, "शेवटची तपासणी कधी झाली आणि शिक्का कुणी मारला, एवढंच राहिलंय."

तिचा विनोद असेल. पण रकाना वाईट नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

पहिली मोहीम. छातीवर बिल्ला लावून दारात उभा राहिलो. वहिनी आधीच उभी होती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, वय चौऱ्याहत्तर. दारात उभं राहायला तिला कधी कुणी सांगितलेलं नाही, आणि नको म्हणायची कुणाची छाती नाही.

तीन नवीन माणसं आली. त्यातलं एक जोडपं. मी नवऱ्याचा हात धरला तो पहिल्या बाकापर्यंत सोडलाच नाही. सूचनांच्या वेळी पाळकांनी दोघांना उभं केलं, फुलं दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा कानापर्यंत लाल झाला. पाळकांनी "दोन शब्द बोला" म्हटल्यावर तो म्हणाला, "आम्ही हॉल भाड्याने मिळतो का विचारायला आलो होतो." शेवटच्या गीताच्या आत दोघं पसार. फुलं बाकावरच.

तिसरी पस्तिशीतली बाई, एकटी. नखांत पांढरी भुकटी. शेवटच्या बाकावर बसली. फॉर्ममध्ये फक्त नाव, पत्ता, आणि धंद्याच्या रकान्यात एकच शब्द: दात.

जाताना वहिनीने तिला गाठलं. दारापासून पायऱ्यांपर्यंत आठ पावलं आहेत. तेवढ्यात वहिनीने तीन प्रश्न बसवले. लग्न झालंय का? मग नवरा कुठाय? मुलंबाळं? मी बाजूला उभा राहून हसतमुख होतो. फॉर्म पूर्ण करा, असंही एकदा सुचवलं.

ती बाई वहिनीला काहीच बोलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुमची खालची कवळी सैल झालीय. तिसऱ्या गीताला टकटक मागपर्यंत ऐकू येत होती." आणि गेली.

परमेश्वराच्या मंदिरात माणसाच्या तोंडात डोकवायचं! हिला सांगितलं तर ही हसली. इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. हिला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं, म्हणून रागावलो नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

पाळकांचा नियम: तीन दिवसांच्या आत नवीन माणसाच्या घरी जाऊन भेट घ्यायची. मी बिस्किटांचा पुडा घेऊन निघालो. पत्ता निघाला सायकलच्या दुकानावरच्या खोलीचा. लोखंडी जिना, चौदा पायऱ्या.

वर दातांची लॅब. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. तीस-चाळीस माणसं एकाच वेळी आ वासून बघतायत असं वाटलं. आमच्या उपासनेला इतकी येत नाहीत. टेबलावर मेण, बारीक सुऱ्या, गॅसची ज्योत, आणि भुकटी मोजायचा छोटा काटा. सवयीने आधी काट्याकडे नजर गेली. शून्यावर नव्हता.

"काटा थोडा डावीकडे आहे तुमचा," मी म्हणालो.

"तुमची कवळी उजवीकडे आहे. काढा," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

परक्या बाईपुढे दात काढायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. तोंडात दात नसले की माणसाचा तोराही राहत नाही. मी स्टुलावर बसलो. ती कवळीला आतून कसलंतरी गुलाबी लिंपण लावत होती.

"रविवारी येणाल ना?" मी विचारलं. दात नसल्यामुळे ते "लविवाली" असं ऐकू आलं.

"नाही."

"का? प्रवचन लांबलं का?"

"प्रवचन चांगलं होतं. मी त्यासाठी आलेच नव्हते. काका, रविवार फार मोठा असतो हो. शनिवारी संध्याकाळी हे मशीन बंद करते, मग सोमवारी सकाळपर्यंत कुणाचा आवाज नाही. तुमच्याकडे माणसं गातात एवढं खालच्या रस्त्यावरून जाताना ऐकलं होतं. म्हटलं जाऊन बसावं." तिने सुरी खाली ठेवली. "पण त्या दारातल्या बाई."

"त्या माझ्या वहिनी."

"मग तुम्हाला सवय असेल. मी नवरा सोडला त्याला सात महिने झाले. घरमालकाने विचारलं, शेजारणीने विचारलं, डोळे तपासायला गेले तर त्या डॉक्टरनेही विचारलं. सगळ्यांना उत्तरं दिली. आता देवाच्या दारातही तीच परीक्षा द्यायची, तर मी घरीच बरी."

कवळी हातात दिली. घट्ट बसली. मी म्हणालो, "आम्ही आपुलकीने विचारतो." ती म्हणाली, "हो. सगळे आपुलकीनेच विचारतात."

घरी आल्यावर हिला सगळा किस्सा रंगवून सांगितला. कवळीपर्यंत ही मजेत ऐकत होती. वहिनीच्या प्रश्नांपाशी आलो तशी उठून आत गेली आणि घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. बायकांचं कशावरून काय बिनसेल, सांगता येत नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर

कवळीवाली आली नाही.

तरी दिवस अगदीच फुकट गेला नाही, असं अकरा वाजेपर्यंत वाटत होतं. हेल्मेट घातलेला एक उंच गडी दारात आला. तो तोंड उघडायच्या आत मी हेल्मेट काढून घेतलं, पाणी दिलं, दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलं आणि वाट अडवून शेजारी बसलो. तो दोनदा उठायला गेला, मी दोनदा प्रेमाने दाबून बसवला. चाळीस मिनिटं त्याने प्रवचन ऐकलं, पापणी न हलवता. शेवटी पाळकांपाशी जाऊन म्हणाला, "साहेब, तुमचं पार्सल. सही द्या. माझी अजून अठरा राहिलीत."

पाळक म्हणाले, "पण काका, शेवटपर्यंत बसला हो तो!" त्यांना खरंच आनंद झाला होता. माणूस भाबडा आहे.

बुधवार, २१ ऑक्टोबर

जेवताना ही अचानक म्हणाली, "त्या मुलीचं काय झालं पुढे?"

"कुठल्या?"

"दातवाल्या."

"काही नाही. येत नाही म्हणाली."

चार वाजता ही साडी बदलून तयार. म्हणे दाढ दुखतेय. मी समजावलं, ती मुलगी दात बनवते, काढत नाही. आणि तिथे लोखंडी जिना आहे, चौदा पायऱ्या, तुझे गुडघे. "बघते," म्हणाली आणि गेली. तीन तासांनी आली. पदराला प्लास्टर लागलं होतं.

"दाढ?"

"बरी आहे."

हात न लावता दाढ बरी झाली. चर्चमध्ये सांगण्यासारखी चमत्काराची साक्ष आहे, पण सांगितली तर ही मला घराबाहेर काढील.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज नवीन कुणीच नाही. पाळकांना कवळीवालीचं कारण सांगितलं. ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मला माहीत आहे काका. सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांना सांगणार कोण?"

"तुम्ही पाळक आहात."

"मी इथे नवीन आहे."

"सहा वर्षं झाली तुम्हाला."

"त्या मला अजून 'नवीन पोरगा' म्हणतात," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. समिती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पाळकांना जे करायची भीती वाटते ते करायला नेमलेला माणूस.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

वहिनीकडे जाऊन आलो.

मी नऊ वर्षांचा असताना वहिनी आमच्या घरात आली. आई आजारी होती. माझा भांग वहिनीने पाडला, पाढे वहिनीने घेतले, पहिल्या पगाराचे बूटही तिच्याच पसंतीचे. अशा बाईला "तोंड आवर" कसं सांगायचं? मी फिरवून फिरवून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे मी विचारायचंच नाही?"

"नाही."

"अरे, मी आपुलकीने विचारते. माणसाची चौकशी करायची नाही तर काय, हवेची करायची?"

"तू फक्त 'या' म्हण."

"आणि?"

"आणि 'बसा' म्हण."

"या, बसा! एवढं तर कुत्र्यालाही म्हणतात." ती आता चिडली होती. "मला शिकवायला आलाय. तुझ्या लेकीला कोण विचारत होतं? मीच ना? नवरा सोडून घरी आली तेव्हा दर रविवारी दारात विचारायचे, जावई कुठेत, आज तरी आलेत का. म्हटलं विचारत राहिलं की पोरगी लाजेकाजेने तरी परत जाईल. तिने कधी मनाला लावून घेतलं?"

"ती शहर सोडून गेली, वहिनी."

"नोकरी लागली म्हणून."

"हो. नोकरी लागली म्हणून."

"आणि तू तर शेजारीच असायचास. तू तर हसायचास की."

हसायचो. हे खरं आहे. गीतांची पुस्तकं वाटत मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो. वहिनी विचारायची, लेक खाली बघायची, ही माझ्याकडे बघायची, आणि मी हसायचो. बत्तिशी दाखवून. दुकानदार मला बघून हसायचे तसा.

लेक गेली त्याला दोन वर्षं झाली. हिचे गुडघे दुखायला लागले त्यालाही दोन वर्षं झाली.

मी चौतीस वर्षं निरीक्षक होतो.

रविवार, १ नोव्हेंबर

वहिनी आज चर्चला आलीच नाही. रुसली. पाळक दारात एकदा आनंदाने आणि एकदा भीतीने हात चोळत होते. मी त्यांना सांगितलं, यापुढे नवीन माणसाला उभं करायचं नाही, दोन शब्द नाहीत, फुलं नाहीत. "टाळ्यासुद्धा नाहीत?" त्यांनी विचारलं. टाळ्यासुद्धा नाहीत. फॉर्म फाडून टाकले. चौदा रकाने होते; फाडताना वाईट वाटलं, आखणी सुरेख होती.

संध्याकाळी हिला म्हणालो, "गुडघे कसे आहेत?"

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाचे?"

मग मी काहीतरी भलतंच केलं. लेकीला फोन लावला. एरवी ही लावते, अर्धा तास बोलते आणि शेवटी फोन माझ्या कानाला लावते. मी "जेवलीस का" विचारतो आणि परत देतो.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मला बोलायचं होतं."

"कुणी वारलं का?"

या कुटुंबात मी बोलायचं म्हटलं की लोक मयताचीच चौकशी करतात. मी म्हणालो, "वहिनी दारात तुला विचारायची तेव्हा मी तिथेच होतो."

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "हो."

"मी तिला गप्प करायला हवं होतं."

मग ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते, म्हणून हसताय."

"लाज नाही गं. भीती."

"कुणाची? काकूची?"

"काकूची."

ती हसली, पण नाक ओढल्याचाही आवाज आला. मग म्हणाली, "जेवलात का, बाबा?"

फोन ठेवला. ही सगळा वेळ तशीच बसली होती, भाजी होती तेवढीच. थोड्या वेळाने माझ्यापुढे चहा आणून ठेवला. गोड. डॉक्टरांनी माझी साखर कधीच बंद केलीय. चुकून पडली असावी. मी पिऊन टाकला.

रविवार, ८ नोव्हेंबर

वहिनी आली. दारात नेहमीच्या जागी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "या, बसा. बघू काय दिवे लागतात ते." पहिल्या दोन नवीन माणसांना तिने खरंच तेवढंच म्हटलं. प्रत्येक वेळी ओठ असे दाबून धरले की मला तिच्या रक्तदाबाची काळजी वाटली.

दहाला पाच कमी असताना कवळीवाली पायऱ्या चढताना दिसली. तिच्यासोबत कुणीतरी होतं. मला आधी साडी ओळखू आली, मग माणूस.

सकाळी मी निघालो तेव्हा ही ओट्यापाशी होती. एक शब्द बोलली नव्हती. आता सातही पायऱ्या चढून समोर उभी. काय म्हणायचं असतं अशा वेळी? समितीच्या अध्यक्षाला काही सुचेना. मी "या" म्हणालो. आपल्याच बायकोला.

"आलो आम्ही," ही म्हणाली.

वहिनीने गीतांचं पुस्तक पुढे केलं. हिने ते घेतलं नाही. बाजूच्या फळीवरून दुसरं उचललं आणि आत गेली. कवळीवालीने वहिनीच्या हातातलं घेतलं. वहिनी बराच वेळ बाहेर रस्त्याकडे बघत उभी होती. मग मला म्हणाली, "मी काही विचारलं नाही हं."

"नाही वहिनी."

"विचारायला हवं होतं, कशी आहेस म्हणून."

दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. ही गायली नाही. शेवटच्या कडव्याला ओठ हलले, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मी कितीदा वळून बघणार?

परत येताना कोपऱ्यावर ही म्हणाली, "पुढच्या रविवारी येईनच असं नाही."

"बरं."

"आणि विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"चेहऱ्यानेही नाही."

हे जरा अवघड आहे.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

विचारलं नाही. आज पाचवा दिवस. लोकांनी सिगरेट सोडल्याच्या बढाया मारू नयेत.

रविवार, १५ नोव्हेंबर

सकाळी उठलो, दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. ही पेपर वाचत बसली होती, अंगावर घरचीच साडी. मी चेहऱ्यानेही विचारायचं नाही म्हणून भिंतीकडे बघत बूट घातले, त्यामुळे आधी डावा उजव्यात गेला. "येतो," म्हणालो. "हं," म्हणाली.

खाली उतरलो. वाटलं, एकदा आलं माणूस, पुरे झालं. त्रेपन्नातले दोन परत येतात, हिशेब मला पाठ आहे. फाटकाबाहेर पोचलो, कोपऱ्यावर उगाच दहा मिनिटं रेंगाळलो, आणि मागून हाक आली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अहो!"

वर बघितलं. ही गॅलरीत. अंगावर बाहेरची साडी, केसांत अर्धवट पिन, तोंडात दुसरी. ती पिन काढून ओरडली, "घराची किल्ली खिशात घालून निघालात! मी दाराला काय कुलूप दाताने लावू?"

मी तिसऱ्या मजल्यापर्यंत पळत गेलो. साठीनंतर असं करू नये. वर पोचल्यावर बोलता येत नव्हतं. हिने किल्ली घेतली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि माझी कॉलर सरळ केली. "धापा टाकत स्वागत करणार का लोकांचं? बसा दोन मिनिटं पायरीवर." बसलो. हीसुद्धा शेजारी बसली. गुडघे हातात धरून, पोरीसारखी.

चर्चला पोचायला अठरा मिनिटं उशीर झाला. दारात मी नव्हतो. वहिनीही नव्हती. तिला कवळीवालीने हाताला धरून आपल्या बाकावर नेऊन बसवलं होतं, तिथे ती पुस्तकात डोकं घालून मोठ्याने बेसूर गात होती. हिने क्षणभर बघितलं, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मध्ये कवळीवाली.

उपासना संपल्यावर पाळक धावत माझ्याकडे आले. आज चार नवीन माणसं आली होती, म्हणाले. कुणी हात धरला नाही, पाणी दिलं नाही, काही विचारलं नाही. आपापली आली, आपापली बसली, आणि दोघं पुढच्या रविवारची वेळ विचारून गेली.

"काका," ते माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमची समिती आता खऱ्या अर्थाने कामाला लागली!"